पान तीन, उजवा कोपरा

हे मी बायकोला कधी सांगितलं नाही, आणि ती गेली. मुलाला सांगायला बसलो की तो म्हणतो, जुनं काय उगाळता. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जमेल — की तेही जमणार नाही? दोनदा लिहून फाडलं. दर वेळी चौथ्या ओळीपर्यंत मी स्वतःला बरा माणूस करून ठेवतो. चीड येते ती याचीच.

आधी त्या यंत्राचं सांगतो. हैदराबादच्या एका संशोधन ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्म आहेत. नखाएवढ्या चौकटीत अख्खं पान. रीळ यंत्रात अडकवायचं, मूठ फिरवायची, की समोरच्या काचेवर पानं सरकू लागतात — काळ्यावर पांढरी अक्षरं. मी रीळ दोनदा उलटं लावलं, एकदा ते हातातून सुटून फरशीवर पसरलं. यंत्रावर चिडलो, तिथल्या बाईंवरही चिडलो. खरं कारण वेगळंच होतं. ते पान यायलाच नको होतं मला.

शेजारी मन्मथ बसला होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यानंच मला उदगीरहून सोबत आणलं होतं, पान वाचून दाखवायला. दुसऱ्या कुणाला नाही, मला.

मन्मथ आणि मी एका गल्लीतले, एका वयाचे. निजामी राज्याच्या शेवटच्या दिवसांत आम्ही दोघं नांदेडला सत्याग्रहाला गेलो आणि तुरुंगात पडलो. सतराव्या दिवशी मी माफीनामा लिहून दिला. मला कुणी मारलं नव्हतं. घरी कुणी आजारी नव्हतं. मला फक्त घरी जायचं होतं. त्याच दिवशी मन्मथलाही सोडलं, पण ते मुदतीच्या तापामुळे. पोरगा इथंच मरेल, अशी तिथल्यांना भीती. एकाच गाडीनं आम्ही परत आलो. स्टेशनवर लोकांनी दोघांच्याही गळ्यात हार घातले. सुटलात कसे, असं कुणी विचारलं तेव्हा मी म्हणालो, आजारी पडलो. ‘पडलो’ म्हणजे दोघंही. मन्मथ तापात होता, त्याला काही ऐकू गेलं नाही.

उदगीरचं वाचनालय तेव्हा मी सांभाळत असे. टपाल फोडायचं, अंकावर शिक्का मारायचा, महिनाअखेर अंक शिवून फाईल करायची. लातूरहून एक साप्ताहिक यायचं, गावात त्याची एकच प्रत. एका अंकात, पान तीनवर उजव्या कोपऱ्यात, माफी लिहून देऊन सुटलेल्यांची यादी होती. बोटभर लांब. मी दाढीचं पातं आणलं आणि तो चौकोन कापला. घरी जाऊन चुलीत घातला.

अख्खा अंकच चुलीत घातला असता तर भानगड मिटली असती. पण फाईल तुटेल! सतरा दिवसांत ज्याचा कणा वाकला, त्या माणसाला फाईल तुटलेली खपत नव्हती. अंक मी लपवला, विचारणाऱ्यांना टपालात आलाच नाही म्हणून सांगितलं, आणि पुढे कधीतरी गुपचूप फाईलमध्ये शिवून टाकला. याला काय म्हणावं?

मग लातूरचा एक व्यापारी मोंढ्यात बोलून गेला, “यादीत तुमच्या उदगीरचाबी एकजण हाय म्हणं. नाव काय ध्यानात न्हाई.”

एकजण. सुटलेले आम्ही दोघं. मी सभेत तावातावानं बोलणारा, मन्मथ आधीच अबोल, त्यात तापानं खंगलेला. लोकांनी ठरवून टाकलं. मी कधीच म्हणालो नाही की तो मन्मथ. शपथेवर सांगतो, नाही म्हणालो. कुणी विचारलं की मी नुसता खाली बघायचो. आणि खाली बघण्याचा अर्थ लोक काय घेतात — ते मला कळत नव्हतं का?

मन्मथ एकदाच विचारायला आला. “दिगंबर, तू टपाल फोडतोस. ती यादी पाह्यलीस का? माझं नाव त्यात न्हाई, येवढंच दाखवायचंय लोकायला.”

अंक आलाच नाही, मी म्हणालो.

तो लातूरला पोचेपर्यंत रझाकारांच्या धास्तीनं लोकांनी असले कागद जाळून टाकले होते. साप्ताहिकही बंद पडलं होतं. पुढे निजामी गेली. झेंडावंदनाला मला पुढे उभं करत, मन्मथ कडेला उभा राही. तो शाळेत मास्तर झाला. फळ्याकडे वळला की पोरं पाठीमागून ‘माफीअप्पा’ म्हणत. पुढे त्या पोरांची पोरंही म्हणू लागली.

म्हातारपणी त्याच्या पुतण्यानं त्याला सांगितलं, आपल्या वाचनालयाच्या फायली हैदराबादला नेऊन त्यांची फिल्म केलीय, आणि तो अंक त्यात आहे. मन्मथ धावतच माझ्याकडे आला. “सापडला रे, तो अंक सापडला.” आला कुठून, हे त्यानं विचारलं नाही. इतका आनंद झाला होता त्याला.

तर ते पान काचेवर आलं. कोपऱ्यात चौकोनी भोक, आणि भोकातून खालच्या पानावरची केसांच्या तेलाची जाहिरात दिसत होती. सगळं उलटं — बाईचं तोंड काळं, केस पांढरेफेक.

“काय दिसून राह्यलंय?” मन्मथनं विचारलं.

कसर लागलीय, मी म्हणालो. तेवढ्यात त्या ग्रंथालयाच्या बाई वाकून बघू लागल्या. त्यांचं काय चुकलं? त्या म्हणाल्या, “कसर नाही हो काका. ब्लेडनं कापलंय. कडा बघा की किती सरळ.”

मन्मथनं चाचपडत काचेवर बोट टेकवलं. मग म्हणाला, “म्हंजी वाचनालयातच कापलं.” आणि उठला.

परतीच्या गाडीत त्यानं मला एकदाच काही विचारलं. “तुम्ही पाणी घेता का?” सत्तर वर्षांच्या दोस्तीत पहिल्यांदा ‘तुम्ही’. मी पाणी घेतलं. बोललो काहीच नाही. डब्यात आमच्याशिवाय कुणी नव्हतं, बोलता आलं असतं.

त्यानं गावात कुणाला सांगितलं नाही. दोन वर्षांनी तो गेला.

इथवर जे सांगितलं ते भित्रेपण. पुढचं त्याहून वाईट आहे, आणि तेच लिहायला हात अडतो. शोकसभेत अध्यक्ष मी होतो. मी म्हणालो, चूक कुणाच्या हातून होत नाही? मन्मथअप्पांना आपण केव्हाच माफ केलंय. लोकांनी माना डोलावल्या. मन्मथची लेक पहिल्या रांगेत बसली होती. सभा संपल्यावर ती आली, माझ्या पाया पडली आणि म्हणाली, “काका, लई मोठं मन हाय तुमचं.”

मी म्हणालो, असू दे, बाळ.

पान तीन, उजवा कोपरा. त्या यादीत उदगीरचं एकच नाव होतं. मन्मथचं नव्हतं. माझं होतं.