लाइट परत आल्यावर काय?

मित्रहो, पत्नीच्या निधनानंतर आज प्रथमच महाविद्यालयात तास घेतला. शिकवणे जमेल की राजीनामा द्यावा, हे आजच ठरणार होते.

डिस्क्रीट मॅथ्स या गणितशाखेतील तर्क वापरून, विहिरीवरील पंपांच्या दोन मोटारी चालवणारा संगणक प्रोग्राम बिनचूक असल्याचे सिद्ध करायचे होते. अट एकच: दोन्ही मोटारी एकाच वेळी चालू नकोत. मी फळ्यावर सिद्धता पूर्ण केली.

वाटूर गावची एक विद्यार्थिनी उठली. "सर, लाइट जाऊन आली तर? आमच्याकडं लाइट आली की मोटार आपोआप चालू करणारा ऑटो बसवलेला राहतो. दोन्ही मोटारी सोबतच चालू होतेत!"

"सरांच्या शेतात लाइट जातच न्हाई!" मागून कोणीतरी म्हणाले. वर्ग हसला आणि कित्येक महिन्यांनी मीही हसलो.

मग ती शक्यता धरून आम्ही सिद्धता नव्याने मांडली. घंटा झाली तरी कोणी उठले नाही.

उद्याचाही तास मी घेणार आहे. आपणांस कधी विद्यार्थ्यांनीच सावरले आहे काय?