बिनमळीची पेंड

माझे भावोजी पेंड खातात. ही चेष्टा नव्हे. चेष्टा करायला त्यांनी मला आणखी पुष्कळ विषय दिले आहेत. जनावरांच्या खाद्यावर संशोधन करणाऱ्या संस्थेत त्यांचा जन्म गेला, आणि तिथे कॅनोलाच्या पेंडीचं जे जे पोतं फुटतं त्यातली पहिली चिमूट त्यांच्या तोंडात जाते. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे आले तेव्हा जेवण झाल्यावर त्यांनी खिशातून पुडी काढली. बाबांनी भाबडेपणाने हात पुढे केला, तोंडात टाकलं, आणि जावई नवा असल्यामुळे गिळलं.

कॅनोला म्हणजे मोहरीची वळण लावलेली बहीण. वाण निवडून निवडून तिचा उग्रपणा कमी केलेला. तेल काढून घेतलं की मागे पेंड उरते. तिच्यात प्रथिनं भरपूर, पण कडवटपणा थोडा राहतोच, आणि गाई नाक मुरडतात. घोडं तिथेच पेंड खात होतं, म्हणजे गाय खात नव्हती. बाकीचे संशोधक सरळ मळी ओतून मोकळे होतात. साखर कारखान्यातला तो काळा गोड पाक घातला की गाय भुसासुद्धा चाटूनपुसून खाते. भावोजींना ते मंजूर नव्हतं.

"मळी म्हणजे लाच," ते म्हणायचे. "माझी पेंड गाय स्वतःच्या मर्जीने खाईल."

आणि गाई खायच्या! भावोजी गव्हाणीशी उभे राहून आधी स्वतः चिमूटभर चावत, मग "खा गं बाई, छान झालंय" म्हणत मानेखाली खाजवत. सगळ्यांत पुढे मास्तरीणबाई असे. प्रत्येक गोष्ट संशयाने हुंगायची म्हणून त्या गाईला हे नाव पडलं होतं. तिने तोंड लावलं की मागची रांग निमूट खायला लागे. एवढी लाडीगोडी ताईच्या वाट्याला कधी आली नाही, असं मी ताईदेखत म्हणून घेतलं आहे.

शेजारच्या खोलीत डिंकवाले बसत. ते याच पेंडीपासून प्लायवूडचा डिंक करायचे आणि कॅनोलाच्या तेलापासून यंत्रांचं वंगण. संस्थेला पेंड पुरवणाऱ्या तेलगिरणीला आता ठरवायचं होतं की यापुढची पेंड गोठ्यांना द्यायची की डिंकाला. त्यासाठी एक समिती येऊन गाईंना खाताना बघणार होती. भावोजींची निवृत्ती जवळ आलेली. डिंक जिंकला तर त्यांची सगळी मेहनत प्लायवूडच्या दोन पापुद्र्यांमध्ये चिकटून बसणार होती.

नेमकी तेव्हाच त्यांची दाढ काढावी लागली. गाल टम्म फुगला, ताईने त्यांना घरात बसवलं, आणि गोठ्यावरच्या मुकादमाने पेंड घालायला सुरुवात केली. समिती येण्याच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला.

"साहेब, कालपासून एकही गाय तोंड लावत नाही."

भावोजी तसेच निघाले. ताईने गाडी चालवायला मला सोबत पाठवलं. गोठ्यात पोचल्यावर त्यांनी पोती उपसली, ओल लागली का पाहिलं, चाळणी तपासली. सगळं ठीक होतं. गाई मात्र गव्हाणीकडे पाठ करून उभ्या. शेवटी सवयीने त्यांनी चिमूटभर पेंड चांगल्या गालात सरकवली, कळवळत चावली, आणि मास्तरीणबाईच्या मानेखाली हात घातला. बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि गव्हाणीत तोंड घातलं. पाठोपाठ सगळी रांग.

मुकादम खूश. "बस्स साहेब! उद्या समितीपुढे एवढंच करा."

भावोजींचा चेहरा मात्र उतरला. गाडीत बसल्यावर त्यांनी बाहीवरची पेंड झटकली. मग म्हणाले, "मळी घालत नाही म्हणून इतकी वर्षं मिरवलं मी. मीच मळी होतो."

माझं डोकंच सणकलं. "मग असू दे की! उद्या उभे राहा, खाजवा, निकाल लागला की घरी या. कोणाला कळणार आहे?"

"आणि परवापासून गावोगावच्या गोठ्यांत मी जाऊन चावू का?"

मी खाडकन गिअर बदलला. मला उत्तर नसलं की जास्तच राग येतो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी समितीला सगळं सांगून टाकलं आणि फाटकाबाहेर जाऊन उभे राहिले. गाईंनी पेंड हुंगली आणि सोडली. पेंड डिंकाला गेली. डिंकवाले अभिनंदन घ्यायचं सोडून भावोजींच्या शेजारी येऊन नुसते उभे राहिले. ते मला आवडलं. भावोजींना थोडी पोती मिळाली, मळी घालून नव्याने प्रयोग करायला. त्यांनी गोठ्यात पाऊल ठेवायचं नाही अशी अटही होती, आणि ती घातली होती त्यांनी स्वतःच. मास्तरीणबाई त्यांना पाहून हंबरत होती. ते वळले नाहीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी गोठ्याच्या धुळीवर ढकललं.

घरी ताईने पानं वाढली. ताईचा स्वयंपाक कसा असतो हे मी बहीण म्हणून सांगणार नाही. ती नेहमीप्रमाणे समोर बसली, पहिला घास स्वतः घेतला आणि म्हणाली, "खा ना, छान झालंय."

भावोजींचा हात थबकला. "अगं, तू जरा आत जाऊन बस बघू."

ताई गोंधळून आत गेली. आम्ही दोघं भाजीकडे पाहत राहिलो. भाजी आमच्याकडे पाहत राहिली. कोणाचाच हात पुढे होईना.

मग भावोजींनी सुजलेल्या तोंडाने, पण आवाज चढवून हाक मारली, "ये गं बाहेर. जेवायचंय आम्हाला."