घोट्याखालची निळी रेघ

दुष्काळात चाऱ्यामागं फिरताना कडा गावाकडच्या धुळाजी मेंढपाळाच्या पायात बाभळीचा काटा मोडला. साखरेच्या आजारानं पाय बधिर झालेले. दुखलं नाही, म्हणून त्यानं लक्ष दिलं नाही. बायकोला, चतुराबाईला वास आला तोवर तळपाय काळानिळा पडला होता. मेंढरं भावाच्या हवाली करून तिनं त्याला शहरातल्या दवाखान्यात आणलं.

"पाय गुडघ्याखाली कापावा लागेल," मोठे सर्जन म्हणाले.

"मग मेंढरामागं चालायचं कुणी? त्यापरीस मला मरू द्या."

त्याच दवाखान्यात डॉक्टर सुग्रीव एका नव्या पट्टीवर संशोधन करत होते. सहकारी साखर कारखान्याच्या मळीवर, साखर काढून उरलेल्या काळ्या पाकावर, ते एका जातीचे जिवाणू वाढवत. ते जिवाणू ओलसर पापुद्रा विणत. तो जखमेवर बसवला की नवं मांस धरायला मदत होई, असा त्यांचा अंदाज. पण ऊसच नसल्यानं कारखाना बंद. जुन्या मळीतून थोड्याच पट्ट्या निघाल्या होत्या.

सर्जनशी बोलून सुग्रीव धुळाजीजवळ आले. "थोडा अवधी मिळालाय, तेवढ्यात माझी पट्टी लावून बघू. खात्री मात्र देत नाही." त्यांनी घोट्याखाली, लाली संपत होती तिथं, निळ्या पेनानं रेघ ओढली. "लाली हिच्या वर चढली तर लगेच सांगायचं. विष अंगात भिनलं तर जीव जाईल. कबूल?"

"कबूल."

सुग्रीवांनी जखमेवर पट्टी बसवली. सुरुवातीला लाली जागची हलली नाही. मग एका सकाळी चतुराबाई पाणी घेऊन आली, तर धुळाजी वाकून थुंकीनं रेघ पुसत होता. हातात शेजारच्या खाटेवरल्या रोग्याचा पेन. लाली रेघेच्या वर चढली होती, म्हणून नवी रेघ त्यानं दोन बोटं वर ओढली होती.

"ह्ये काय करायलाव तुमी?"

"गप बस. डॉक्टरला सांगितलंस तर पाय गेलाच समज."

त्याचं कपाळ तिनं चाचपलं, चटका बसला. ती तांब्या तिथंच टाकून डॉक्टरकडं पळत सुटली.

धुळाजीला तातडीनं शस्त्रक्रियेच्या खोलीत नेलं. दारं लागताना तो ओरडला, "वैरीण हायस तू!"

चतुराबाई बाहेर भिंतीला टेकून बसली. आपणच नवऱ्याचा पाय कापायला दिला, हे मनातून जाईना. कुणी चहा दिला, तो तसाच निवला.

उन्हं कलल्यावर सुग्रीव बाहेर आले. "आत काट्याचं टोक राहिलं होतं, भोवती पू. पायाची दोन बोटं काढावी लागली. पाय सध्या तरी वाचलाय."

साफ केलेल्या जखमेवर त्यांनी पुन्हा तीच पट्टी बसवली. ताप उतरला, लाली मागं हटली, हळूहळू तळाशी गुलाबी मांस दिसू लागलं.

"मळीनंच भरलं ना?" चतुराबाईनं विचारलं.

"मदत झाली असेल. एका पायावरून सांगता येत नाही. पू राहिला असता तर कुठलीच पट्टी कामाची नव्हती. तुम्ही वेळेवर आलात, मावशी."

हे ऐकूनही धुळाजी भिंतीकडं तोंड करून पडे. भाकरी खाई, पण तिच्याशी बोलेना. उभं राहायची परवानगी मिळाली तेव्हा नर्सनं वॉकर पुढं केला. त्यानं तो बाजूला सारला.

"चतुरे," तो खाली बघत म्हणाला, "खांदा दे."

तिनं दिला.

"लई भार टाकू नका," ती म्हणाली, "मी बी दमलेय."