चार थेंब सिलिका

समुद्रापासून इतक्या लांब, येडगावात बसून, समुद्रातल्या माशाला उसाचं औषध पाजणारा मी एकटाच माणूस आहे. (दुसरा कोणी असलाच तर त्यानं जरूर भेटावं. मला तेवढाच आधार होईल.)

आमचा थोरला भाऊ, म्हणजे दादा, बरीच वर्षं बोटीवर इंजिनाच्या कामाला होता. कायमचा घरी आला तो काचेची एक भली मोठी टाकी घेऊनच. दारापुढं धरणाचं गोडं पाणी पसरलेलं, आणि हा गडी पुण्याहून खास मीठ आणून पाणी खारं करतोय! तरण्या माणसांनी उचलून ठेवलेली ती टाकी दिवाणखान्यात अशी काही सजली की पार निमगाव सावा गावापासून लोक बघायला यायचे. त्यात एक नारिंगी मासा होता, अंगावर पांढरे पट्टे. दादानं त्याचं नाव ठेवलं 'पावणं', कारण आल्यापासून त्यानं जायचं नावच काढलं नव्हतं. शिवाय खडकाला चिकटलेला एक पांढराशुभ्र स्पंज. मला वाटायचं, भांडी घासायचा राहिलाय आत.

"आरं, जिता जीव हाये त्यो," दादा म्हणायचा. "त्याला अंग धराया सिलिका लागतं."

आणि मग छोट्या बाटलीतून ड्रॉपरनं मोजून चार थेंब सोडायचा. देवाला तीर्थ देतात तसा.

मग दादा आजारी पडला. पोटातलं दुखणं, साधं नव्हतं. वहिनी त्याला घेऊन पुण्याच्या दवाखान्यात राहिली आणि टाकी माझ्या गळ्यात पडली. मोबाईल तेव्हा गावात नुकते आले होते, आणि आमच्याकडं रेंज फक्त गोठ्याच्या पत्र्यावर. दादाचा फोन आला की मी शिडीनं वर.

"बाळ्या, पावणं कसं हाये?"

"मजेत! दोन येळा जेवतंय."

"सिलिका घातलंस? चारच थेंब हं. आन् मी येस्तोवर टाकी हाये तशी ठिव. मला ती बघायचीय रं."

त्या शेवटच्या वाक्याला त्याचा आवाज बारीक व्हायचा. मी पत्र्यावर बसून डोळे पुसायचो, खालून म्हैस माझ्याकडं बघायची.

आता झालं असं की बाटली संपली. पुण्याला जाऊन नवी आणायची तर उसाला पाणी कोण देणार? तेवढ्यात मला आठवलं, अरे, सिलिका तर आपल्या पंपाच्या खोलीत हाये की! उसावर फवारायचं, काळा पाच लिटरचा कॅन. कॅनवर ऊस, द्राक्षं, टोमॅटो सगळ्यांची चित्रं होती. माशाचं नव्हतं, पण काय सगळीच चित्रं मावतात व्हय?

"अवं, पर ते पिकाचं हाये," आमची सुमन म्हणाली.

"सिलिका ते सिलिका! तुला काय कळतंय त्यातलं?" (त्यातलं मलाही काही कळत नव्हतं, पण नवरा मी होतो.)

बरं, घालायचं किती? चार थेंब? थेंबानं औषध द्यायला हे काय पोलिओचं बाळ आहे? आम्ही फवारणीच्या पंपाला टोपणानं घालणारी माणसं. त्यातून दादा घरी येणार, तर टाकी कशी जोमात दिसली पाहिजे! मी एक टोपण घातलं. मग स्पंजाकडं बघितलं, तो बिचारा मलूल वाटला, म्हणून आणखी एक.

पाणी आधी दुधाळ झालं. ते निवळतंय म्हणेपर्यंत काचेवर तपकिरी साय धरली. मग खडकावर, वाळूवर, आणि शेवटी त्या पांढऱ्या स्पंजावर. सगळी टाकी चहाच्या गाळणीगत दिसाया लागली! पावणं खडकाच्या कपारीत जाऊन बसलं ते बाहेरच येईना.

पिकावर रोग आला की आम्ही काय करतो? पान तोडायचं आणि नारायणगावच्या दुकानात दाखवायचं. मी ती तपकिरी साय बाटलीत भरली आणि नेली.

दुकानदारानं बाटली उजेडाला धरली. "तांबेऱ्यावानी दिसतंय. कुठल्या पिकावर आलंय?"

"माशावर."

"कितीक क्षेत्र हाये?"

"एक मासा."

त्यानं बाटली हळूच काउंटरवर ठेवली. "भाऊ, घरी सगळं बरं हाये ना?"

नव्हतं. घरी काहीच बरं नव्हतं. मी तिथंच खताच्या पोत्यावर बसून रडलो. गिऱ्हाइकांना वाटलं, टोमॅटोचा भाव पडला.

त्याच आठवड्यात वहिनीचा फोन आला. "भावजी, घरी आणतोय ह्यांना. डॉक्टर म्हणले, आता घरीच ठिवा." घरीच म्हणजे काय, ते मला कळलं होतं.

दादाला आणलं तेव्हा निम्मा राहिला होता. जीपमधनं मी त्याला उचलला तर काही वजनच लागेना. घरात पाय टाकताच म्हणाला, "टाकीपाशी बसव." टाकीवर सुमननं तिची लग्नातली साडी घातली होती.

"हे काय?"

"दृष्ट लागू नये म्हणून," मी म्हणालो.

"काढ."

साडी काढली. दादा बघतच राहिला. सुमन पदर तोंडाला लावून भिंतीकडं वळली. मी मान खाली घालून उभा. वाटलं, एवढं एकच मागितलं होतं ह्यानं माझ्याकडं.

"बाळ्या," दादा हळूच म्हणाला, "उसाचं घातलं का रं?"

"व्हय."

"किती?"

"दोन टोपणं."

"मग? पावण्याला उसावानी पेरं किती सुटली?"

आणि हसाया लागला! असा हसला, असा हसला की खोकला लागला, वहिनी पाणी घेऊन धावली, तरी थांबेना. कितीतरी महिन्यांनी आमच्या घरात कोणी हसलं होतं. मग सगळेच हसलो, आणि हसता हसता कोण कधी रडाया लागलं ते कळलं नाही.

"आरं, रोग न्हाई त्यो," शेवटी तो म्हणाला. "बारीक शेवाळ हाये. सिलिका खाऊन संपलं की जातंय आपसूक. तू फकस्त हात लावू नको."

मग रोज आम्ही दोघं टाकीपुढं बसायचो. काच एका कोपऱ्यातनं उजळाया लागली. एका सकाळी पावणं बाहेर आलं. दादा त्याच्याकडं बघून म्हणाला, "आलं बग." त्यानंतर थोड्याच दिवसांत दादा गेला. स्पंज अजून पुरता पांढरा व्हायचा होता.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि कावळा काही शिवेना. सगळा गाव उन्हात. रीतीप्रमाणं एकेकजण हात जोडून पुढं झाला. "दादा, वहिनीला अंतर द्यायचो न्हाई!" कावळा झाडावरच. "तुझा मळा पडीक पडू द्यायचो न्हाई!" कावळा पंख कोरतोय. मला एकदम उमगलं. मी पुढं झालो, "दादा, तुझी टाकी मी संभाळीन!"

कावळा नुकता खाली उतरत होता, तो हे ऐकून परत झाडावर गेला!

लोक माझ्याकडं बघाया लागले. मी मोठ्यानं ओरडलो, "दादा, सिलिकाला जन्मात हात लावणार न्हाई! वहिनी घालंल!"

कावळ्यानं झडप घातली. सगळा घाट हसला, आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदाच वहिनी हसली.

तेव्हापासून थेंब वहिनीच घालते, मोजून चार. पावणं अजून मुक्कामाला आहे, स्पंज पांढरा आहे. दादाची फार आठवण आली की मी जाऊन टाकीवर वाकतो आणि डोळे भरून येतात. पण वहिनी लगेच हाताला धरून मागं ओढते.

"भावजी, रडायचं तर लांबनं रडा. खारं पाणी चालतं पावण्याला, पण तुमचं प्रमाण चुकतं!"