अश्विनीनं भर फायनलमध्ये बाजू बदलली

अश्विनी भलत्याच बाजूनं बोलतेय हे माझ्या लक्षात आलं. मी मागच्या बाकावर. खूण जरी केली तरी टीम बाद!

हे मूट कोर्ट. म्हणजे लॉ कॉलेजच्या पोरांचा लुटुपुटूचा खटला. जज मात्र खरे वकील. धारवाडच्या आमच्या कॉलेजात मी आंतरराष्ट्रीय कायदा शिकवते. फायनलचा प्रश्न असा: एका देशात सरकारच आपल्या माणसांना मारतंय. शेजारचा देश त्यांना वाचवायला, कुणालाही न विचारता, सैन्य घुसवतो. हे कायदेशीर आहे का? यूएनचा चार्टर म्हणतो, दुसऱ्या देशावर बळ वापरू नका. सूट दोनच. स्वतःवर हल्ला झाला तर, नाहीतर सुरक्षा परिषदेनं परवानगी दिली तर. दया आली, हे कारण त्यात नाही.

बाजू टॉसवर ठरते, म्हणून पोरं दोन्ही बाजू तयार करतात. आम्हाला आली 'बेकायदेशीर'. अश्विनीचं तोंड उतरलं.

"मॅडम, माणसं मरतायत, आणि मी म्हणू आत येऊ नका?"

"वकील व्हायचंय ना? मग मिळाली ती बाजू मांड की!"

मागच्या वर्षी ती उभी राहिली आणि एक शब्द न बोलता खाली बसली होती. कमरीपेठेत त्यांचं कापडाचं दुकान. तिच्या वडलांनी, अप्पांनी, आपल्या कानडीमिश्रित मराठीत सांगून टाकलं होतं, "यंदाही तोंड उघडलं नाही तर साकु, पुरे झालं. दुकानात बस." आणि ते स्वतः आज पुढच्या रांगेत हजर!

सुरुवात झकास झाली. मग मधले जज, हायकोर्टातले सीनियर वकील, पुढं वाकले. "परिषदेत एका बड्या देशानं नकाराधिकार वापरला, परवानगी अडली. मग त्या माणसांनी मरायचं का?"

झालं! पोरगी पेटली. माणसं मरू देतो तो कायदा कसला, सैन्य पाठवलं ते योग्यच! सकाळी, टॉसच्या आधी, मी दुसऱ्या बाजूचा सराव घेतला होता, तोच धडाधड बाहेर. समोरची टीम गालात हसतेय. शेवटी जोडीदारानं तिचा कोट ओढला. ती थांबली. कान लालबुंद. आता बसते ही, मी मनात म्हटलं.

बसली नाही.

"माफ करा मिलॉर्ड, मी आत्ता समोरच्यांची बाजू मांडली. मन माझं तिकडंच आहे. पण मी इतक्या सहज वाहवले, तर सैन्य हाताशी असलेला देश किती वाहवेल? कुणी दयेचं नुसतं सोंगही घेईल. खरं काय, हे घुसणाऱ्यानंच ठरवायचं का? म्हणून परवानगी पाहिजे."

"आणि ती माणसं?"

"त्यांच्यासाठी आजच्या कायद्याकडं धड उत्तर नाही, मिलॉर्ड. आहे असं मी खोटं सांगणार नाही."

आम्ही हरलो. भलत्या बाजूचे मार्क कोण देणार? पण निघताना ते सीनियर तिच्याजवळ आले. "परीक्षा झाली की माझ्या ऑफिसला ये. चूक कबूल करणारे ज्युनियर मिळत नाहीत हो."

सगळं इंग्रजीत, त्यामुळं अप्पा गोंधळलेले. "एनायितु? काय झालं? हरलीस ना?"

"हरले, अप्पा. पण वकिलाकडं काम मिळालं."

अप्पांनी तिच्या पाठीवर थाप मारली. "भेष!" म्हणाले, आणि रुमालानं डोळे पुसायला लागले. माझा तर जीव भांड्यात पडला. हुश्श!

फायनलच्या सकाळी आता मी सराव घेत नाही. पोरांना इडली-वडा खाऊ घालते आणि गप्प बसते.