आईचं वजन

आई पहिल्यांदा बाथरूममध्ये पडली, तेव्हा मला तिला उचलता आलं नाही. वाघोलीच्या आमच्या सोसायटीतल्या वॉचमनला वर बोलवावं लागलं. परक्या पुरुषाने उचललं म्हणून ती कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

मी तिरीमिरीत बार्बेल, म्हणजे वजनं अडकवायचा लोखंडी बार, विकत आणला आणि हॉलमध्येच व्यायाम सुरू केला. आधी नुसता बार. एक दिवसाआड स्क्वॉट आणि डेडलिफ्ट, म्हणजे बार जमिनीवरून उचलायचा. नीट जमलं, तरच पुढच्या आठवड्यात थोडं वजन वाढवायचं. आई सोफ्यावरून बघायची. "त्यापेक्षा कपाट हलव, मागचा कचरा तरी निघेल," म्हणायची. हे सगळं कशासाठी, ते मी तिला कधीच सांगितलं नाही.

परवा ती पलंगाजवळ पडली. मी पाठ सरळ ठेवली, तिच्या काखेत हात घातले आणि जोर लावला. बार मुठीत घट्ट बसतो. आई हातातून निसटत होती, आणि जास्त ओढलं तर हाड मोडेल अशी भीती वाटत होती. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच.

"आज वजन जास्त झालं का गं?" तिने खालूनच विचारलं.

मी तिच्या काखेतून हात काढून घेतले.

"हाक मार वॉचमनला," ती म्हणाली आणि तिने गाऊन पायांवर ओढून घेतला.