कोऱ्या जागेची राखण

मावशी काय काम करतात, असं कारखान्यात कुणालाही विचारलं तर एकच उत्तर यायचं, "बर्फ करतात." आणि बर्फ म्हणजे काय, तर बशीचा जो भाग शेवटी कोरा राहतो तो. म्हणजे एकतीस वर्षं मावशींनी जे केलं, ते धड कुणाला दाखवताही येत नव्हतं. अशा कामात माणसाने स्वभावाने जरा गरीब असावं. मावशी नव्हत्या.

कारखाना चिनी मातीच्या शोभेच्या बश्यांचा. भिंतीवर टांगायच्या, जेवायच्या नव्हेत. त्यात सगळ्यात जास्त खप 'हिवाळा' नावाच्या बशीचा. एक घर, तीन झाडं, धुराडं आणि बाकी सगळा बर्फ. रंगकामाच्या खोलीत चार टेबलं ओळीने. पहिल्यावर वहिनी घर काढायच्या, दुसऱ्यावर दादा झाडं, तिसऱ्यावर काका धूर. काकांना दिवसभर धूर काढून काढून खोकला झाला होता, असं ते स्वतःच सांगत. चौथं टेबल मावशींचं. त्यांच्यापुढे दोनच हत्यारं: राखाडी-निळ्या रंगात बुडवलेला एक बारीक कुंचला आणि ओला फडका. छपराखाली, वाटेच्या कडेला, झाडाच्या बुंध्याशी सावलीची एकेक रेघ ओढायची आणि जिथे कुणाचा रंग पसरला असेल तिथे फडका मारायचा. भट्टीत जाईपर्यंत रंग पुसता येतो. भट्टीतून बाहेर आल्यावर ब्रह्मदेवाच्या बापालाही पुसता येत नाही.

खरा बर्फ मावशींनी पाहिला होता तो घरच्या जुन्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात. तिथे बोटभर थर चढला की त्या दार उघडून टक लावून उभ्या राहत. सून म्हणायची, "अहो आई, मटार ठेवायला जागा नाही आता. काढू का तो बर्फ?"

"थांब गं दोन दिवस. कडेला निळा दिसतोय बघ."

"मटार खराब होतील."

"होऊ देत. मटार काय, बाजारात मिळतात."

तर असं सगळं सुखाने चाललेलं असताना नवे साहेब आले. तरुण, हुशार, केस नीट विंचरलेले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात प्रत्येक टेबलापुढे पंधरा मिनिटं उभं राहून काम पाहिलं. मावशींपुढे पाच मिनिटंच राहिले.

"मावशी, बशी पांढरी येते ना आपल्याकडे?"

"पांढरीच येते."

"आणि तुमच्याकडून जाते तेव्हाही पांढरीच असते."

"मग काय काळी करून पाठवू?"

खोलीत सगळे हसले, आणि तिथेच मावशींच्या घोड्याने पेंड खाल्ली. साहेब हसले नाहीत. सोमवारपासून मावशींची बदली बांधणी विभागात झाली. बश्या कागदात गुंडाळायच्या, पेंढ्यात बसवायच्या, खोक्यावर 'सांभाळून' असं लिहायचं. पगार तोच, पण पगाराचं दुःख मावशींना नव्हतंच. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती, आणि एकतीस वर्षांच्या कामाला कुणीतरी 'काहीच नाही' म्हटलं होतं. ते त्यांच्या जिव्हारी लागलं. घरी आल्या, जेवल्या नाहीत, आणि सुनेला म्हणाल्या, "काढ तो बर्फ." सून घाबरली. तिने काढला नाही.

पहिल्या आठवड्यात काही झालं नाही. मावशींना त्याचाच जास्त राग आला.

दुसऱ्या आठवड्यात कागद गुंडाळता गुंडाळता त्या थबकल्या. बशीवर झाडं चार होती. दादांचं तसं काही वाईट मनात नव्हतं. पण माणसाला मोकळी जागा दिसली की हात शिवशिवतो, आणि आता पुढे फडका घेऊन बसलेलं कुणी नव्हतं. चौथ्या झाडाची फांदी वहिनींच्या छपरावर आली. वहिनी काही कमी नाहीत. त्यांनी घराला एक खोली वाढवली. खोली वाढली तसं काकांनी दुसरं धुराडं काढलं, कारण आतल्या माणसांना थंडी वाजणार की नाही? मग दादांनी कुंपण घातलं. कुंपण आहे म्हणून वहिनींनी दारात कुत्रा बसवला. तिसऱ्या आठवड्यात कुत्र्याला सोबत मिळाली. महिनाभरात त्या बशीवर सात झाडं, दोन घरं, एक विहीर आणि तीन कुत्री इतकी वस्ती झाली होती. मावशी बांधणीच्या बाकावर बसून रोज मोजत. हसूही येई आणि हात फडकाही शोधी. पण त्या बोलल्या नाहीत. विचारल्याशिवाय बोलायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं.

मग दोनशे खोकी परत आली. सोबत गिऱ्हाइकाची चिठ्ठी होती: बश्या छान आहेत, कुत्रेही गोड आहेत, पण आम्ही हिवाळा मागवला होता.

साहेब एक बशी हातात घेऊन रंगकामाच्या खोलीत आले. "यात बर्फ कुठाय?" वहिनींनी दादांकडे पाहिलं, दादांनी काकांकडे, काका खोकले. शेवटी साहेब स्वतः बांधणीत गेले.

"मावशी, जरा वर येता?"

"मी कशाला? तिथे पांढरं करायला माणूस लागत नाही म्हणे."

"चुकलं माझं."

हे त्यांनी चारचौघांत म्हटलं, हे मात्र मानायला हवं. मावशी उठल्या, पदर खोचला आणि जिना चढल्या.

भट्टीत जायची एक ताजी बशी त्यांच्यापुढे ठेवली गेली. भोवती सगळे जमले. मावशींनी फडका भिजवला, पिळला, आणि पहिला कुत्रा गेला.

"अहो, तो केवढा जमला होता!" वहिनी कळवळल्या.

"बर्फात बसवलाय त्याला. गारठून मेला असता."

दुसरा गेला, तिसरा गेला, विहीर गेली, कुंपण गेलं. एकेका झाडापाशी दादा डोळे मिटून घेत. दुसऱ्या घराशी फडका आला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "द्या इकडे, माझं मीच पुसते," आणि खरंच पुसलं. काकांनी दुसऱ्या धुराड्याचा धूर पुसू दिला, पण तोंड फिरवून. मग मावशींनी कुंचला घेतला. छपराखाली एक रेघ, वाटेच्या कडेला एक, बुंध्यांशी तीन. बघता बघता बशी गारठली. दादांनी नकळत शर्टाचं वरचं बटण लावलं.

साहेब वाकून बघत होते. बराच वेळ बघितलं. मग त्यांनी वहिनींच्या टेबलावरचा कुंचला हळूच उचलला. "फारच सुरेख," ते म्हणाले. "फक्त इथे, या कोपऱ्यात, अगदी बारीकसा एक पक्षी..."

फटकन ओला फडका त्यांच्या मनगटावर बसला.

"हात मागे घे!"

साहेबांना कारखान्यात कुणी एकेरीत बोललेलं नव्हतं. काकांचा खोकलासुद्धा थांबला. साहेबांनी आपल्या हाताकडे पाहिलं, त्यातल्या कुंचल्याकडे पाहिलं, आणि त्यांचे कान लाल झाले. त्यांनी कुंचला खाली ठेवला.

"मावशी," ते म्हणाले, "उद्यापासून इथेच बसाल ना?"

"उद्यापासून कशाला?" मावशींनी पुढची बशी ओढली. "बसलेयच की."